माळ्यावरचा नापास

"काहीतरी खेळूया का?" एवढे तीन शब्द जावईबापूंनी त्या शनिवारी दुपारी तोंडातून काढले नसते, तर आज त्यांच्या नावावर एक मोटार असती. पण संकटात सापडलेल्या माणसाला जे पहिलं दार दिसतं त्यातून तो बाहेर पडतो, आणि ते दार बहुधा अडगळीच्या खोलीचं निघतं.

संकट म्हणजे सासरेबुवा. ते तीन दिवसांसाठी राहायला आले होते. जावई हा दहावा ग्रह असतो असं जुने लोक म्हणत, पण या घराण्यात पत्रिका उलटी मांडलेली होती. सासरेबुवा निवृत्त मोटार इन्स्पेक्टर. आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, मांडीवर पॅड ठेवायचं आणि गाडी थांबली की चष्म्याच्या वरून बघत म्हणायचं, "पुन्हा या." 'नापास' हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. तो त्यांना असभ्य वाटे.

आता नजर कमी झाली म्हणून त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं, आणि त्यांची ती निळी मोटार दोघा जावयांपैकी एकाला जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. थोरला जावई, म्हणजे आपल्या जावईबापूंचा साडू, हा गाडी एका दमात दोन गाड्यांच्या फटीत घालून, उतरताना किल्ली बोटावर फिरवणाऱ्यांपैकी होता. सासरेबुवा आधी तीन दिवस त्याच्याकडे राहून आले होते. त्यानेच त्यांना निळ्या मोटारीतून इथे आणून सोडलं, गाडी इमारतीखाली भिंतीला समांतर लावली (इतकी समांतर, की जावईबापूंना भिंतच वाकडी वाटायला लागली) आणि किल्ली सासऱ्यांच्या हातात देऊन तो बसने परत गेला. किल्ली आता दिवाणखान्यातल्या टेबलावर, चष्म्याच्या डबीशेजारी होती.

मोटार तशी म्हातारी होती. पण जावईबापूंना ती हवी होती, आणि का हवी होती ते सांगायला हवं. ती मिळणं म्हणजे सासरेबुवांनी पास करणं. पास होण्याची त्यांना फार वर्षांची भूक होती.

कारण लग्नाच्या आधी, हे आपले सासरे होणार आहेत हे माहीत नसताना, जावईबापू त्यांच्याकडे तीन वेळा लायसन्सची परीक्षा देऊन आले होते. पहिल्या वेळी त्यांनी उजवीकडे हात दाखवला आणि गाडी डावीकडे नेली. दुसऱ्या वेळी रिव्हर्स घेताना मागचं चाक फुटपाथवर चढवलं. तिसरी परीक्षा मात्र निर्दोष झाली, फक्त ती संपूर्ण हँडब्रेक ओढलेला ठेवून झाली. शेवटी इन्स्पेक्टरसाहेबांनी नाक वर करून विचारलं, "कसला तरी वास येतोय का?"

"हो साहेब," जावईबापू अदबीने म्हणाले होते, "बाहेरून येतोय."

"पुन्हा या."

त्याच संध्याकाळी ते दातांच्या डॉक्टर मित्राच्या खोलीवर गेले. या मित्राला कॉलेजापासून सगळे 'कवळी' म्हणत. कवळीकडे तेव्हा टीव्हीला जोडून खेळायचा एक नवाकोरा कन्सोल होता, आणि त्यात चार जणांनी मिळून खेळायचा, एकमेकांना ढकलून पाडायचा, तारे गोळा करायचा धिंगाण्याचा खेळ. त्या खेळात आपल्या आवडीचं तोंड बनवता येई. नाकं, भुवया, ओठ निवडायचे, बाहुला तयार करायचा, त्याला नाव द्यायचं. एकदा बनवलेला बाहुला मग कायमचा त्या डब्यात राहायला येई. कधी प्रतिस्पर्धी म्हणून खेळे, कधी प्रेक्षकांत उभा राहून टाळ्या वाजवी. जावईबापू व्यवसायाने लिफ्टच्या कंपनीत ड्राफ्ट्समन. हुबेहूब काढणं हे त्यांचं पोट. त्यांनी तुळतुळीत डोकं घेतलं, नाकाच्या टोकावर चष्मा घेतला, एक भुवई वर चढवली, ओठ मिटवले, आणि इंग्रजी अक्षरांत नाव लिहिलं: नापास.

पुढे वर्षभर त्या खोलीत नापासची यथेच्छ धुलाई झाली. मग जावईबापूंना एक मुलगी आवडली. तिच्या घरी ते मागणी घालायला गेले, बेल वाजवली, आणि दार नापासने उघडलं.

"आपण कुठे भेटलोय का?" नापासने चष्म्याच्या वरून विचारलं.

"नाही," जावईबापू म्हणाले.

या एका 'नाही'वर त्यांचा बारा वर्षांचा संसार उभा होता. (लायसन्स त्यांना चौथ्या वेळी मिळालं. त्या दिवशी इन्स्पेक्टरसाहेब रजेवर होते.)

तर शनिवारची दुपार. कवळी आला होता, आणि पाणीपुरवठा खात्यातला मामा आला होता. हा कोणाचाही मामा नव्हता. विसाव्या वर्षी टक्कल पडल्यामुळे त्याला ही पदवी मिळाली होती. दोघांना नापासचा इतिहास पाठ होता. लग्नात वधूपित्याला बघून मामाला हॉलबाहेर न्यावं लागलं होतं. म्हणून जावईबापूंनी त्यांना जिन्यातच गाठून ताकीद दिली होती, की गाडी, परीक्षा आणि लायसन्स हे विषय बंद.

चहा झाला. बिस्किटं झाली. पाण्याचा दाब आणि हिरड्यांची सूज हे दोन्ही विषय संपले. मग सासरेबुवांनी कप खाली ठेवला आणि सहज विचारलं, "तुमचं लायसन्स कुठल्या ऑफिसचं हो?"

मामाचं बिस्कीट चहात पडलं.

"काहीतरी खेळूया का?" जावईबापू म्हणाले.

कवळीने नवीन कन्सोल घेतल्यावर जुना जावईबापूंना दिला होता आणि तो कितीतरी वर्षं माळ्यावर पडून होता. तो काढेपर्यंत, धूळ पुसेपर्यंत, वायरी जोडेपर्यंत जावईबापू स्वतःवर बेहद्द खूश होते. लायसन्सचा विषय मागे पडला होता. डब्याला वरून एक चापट मारली की तो सुरू होई, तशी त्यांनी मारली. पडदा उजळला, ओळखीचं संगीत वाजलं, हिरव्या मैदानावर जुने बाहुले एकामागून एक चालत यायला लागले. कवळी आला, मामा आला. त्यांच्या मागून हात मागे बांधून, एक भुवई वर चढवून, नापास आला आणि पडद्याच्या बरोबर मध्यभागी उभा राहिला.

जावईबापू टीव्हीपुढे उभे राहिले.

"जरा बाजूला व्हा," सासरेबुवा म्हणाले. "तुम्ही काचेपुढे उभे राहिलात तर पुढचं काय दिसणार?"

"अहो," स्वयंपाकघराच्या दारातून पडदा बघत उभ्या असलेल्या बायकोने हाक मारली, "जरा आत येता का?"

एरवी ती नवऱ्याला 'अरे' म्हणत असे. 'अहो' फक्त वडिलांसमोर, आणि त्यातही काहीतरी बिघडलं असेल तेव्हा. स्वयंपाकघराचं दार लागलं आणि 'अहो' तिथेच संपलं.

"तो माझा बाप आहे," ती म्हणाली.

"हो, मग? आपणच बोलावलंय त्यांना."

"टीव्हीतला."

जावईबापूंनी कोरडाच ओटा फडक्याने पुसायला घेतला.

"तू बाबांकडे परीक्षा दिली होतीस?"

"एकदा."

"एकदाच?"

"पहिली परीक्षा एकदाच असते ना."

"एकूण किती?"

"धरून चाल, तीन."

तिने त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं. (ती स्वतः पहिल्याच फटक्यात पास झालेली. वडिलांनी मुद्दाम दुसऱ्या इन्स्पेक्टरकडे पाठवलं होतं, तरी.) मग म्हणाली, "हे बघ. त्यांना लांबचं नीट दिसत नाही. तेवढ्या आधारावर निभावून ने. आणि काही झालं तरी त्या बाहुल्याला त्यांच्यासमोर नावाने हाक मारायची नाही."

दोघं बाहेर आली तेव्हा सासरेबुवांच्या हातात खेळायचा एक दांडा होता (ज्याच्या बॅटरीचं झाकण हरवलंय आणि रबर लावलंय तो), आणि कवळी त्यांना बाहुला कसा निवडायचा ते समजावत होता.

"हा मला द्या," सासरेबुवा म्हणाले. "हा टक्कलवाला. माणूस शिस्तीचा दिसतो."

"आणखी पण चांगले आहेत, बाबा," जावईबापू घाईघाईने म्हणाले. "हा घ्या की, टोपीवाला."

"टोपीवाल्याचं लक्ष नाही. हाच द्या. नाव काय त्याचं? मला अक्षरं लागत नाहीत."

"नाऽ" कवळीने सुरुवात केली.

"ग्रीक आहे तो," जावईबापू म्हणाले.

मामा उठून गॅलरीत गेला. तिथून बराच वेळ खोकल्याचा आवाज येत होता.

"ग्रीक," सासरेबुवांनी मान डोलावली. "बरं. त्यांचं लायसन्स आपल्याकडे चालतं का?"

पहिले काही डाव सुरळीत गेले. फुगा फुगवायचा डाव मामाने जिंकला, दोरीवरच्या उड्यांत कवळी पहिला आला. सासरेबुवांना खेळ आवडायला लागला होता. ते सोफ्याच्या कडेवर येऊन बसले होते आणि नापास पडला की "अरेरे" म्हणत होते. जावईबापूंना वाटलं, निभावलं. आपण उगाच घाबरलो. उलट अशा हसत्याखेळत्या दुपारीच माणूस खूश होऊन मोटार देऊन टाकतो. मग पडद्यावरचं चाक गरागरा फिरलं आणि शेवटचा डाव कुठला ते ठरलं. छोट्या गाड्यांची शर्यत.

सासरेबुवांनी चष्मा पुसला.

शर्यतीसाठी तो दांडा प्लॅस्टिकच्या एका स्टिअरिंगमध्ये बसवायचा असे. सासरेबुवांनी ते दोन्ही हातांनी नीट धरलं, पाठ ताठ केली, आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात आरसा असल्यासारखं बघितलं. शिट्टी झाली. तिघांच्या गाड्या सुसाट सुटल्या. नापासची गाडी जागेवर होती.

"बाबा, निघा," मुलगी म्हणाली.

"मागून कोणी येत नाही ना ते बघतोय."

मग ते निघाले. डाव्या कडेने, एका गतीने, प्रत्येक वळणाला हळू होत. रस्त्यात बदकं आडवी आली तेव्हा बाकीच्यांनी ती उडवली. सासरेबुवा थांबले, शेवटचं बदक जाऊ दिलं आणि पुढे निघाले. आणि हे सगळं करताना त्यांचं एक लक्ष जावयाच्या गाडीवर होतं.

"वळणावर वेग किती आहे तुमचा."

"खेळ आहे, बाबा."

"झाडाला लागली."

"हो, पण त्याने नुकसान होत नाही."

"झाडाचं?"

 जावईबापूंना एकाएकी उमगलं, की ही सासऱ्यांकडची चौथी परीक्षा चालू आहे, टेबलावर खरी किल्ली आहे, आणि शेजारी तोच इन्स्पेक्टर बसलाय. माणसाने अशा वेळी सावकाश जावं. त्यांनी तसं ठरवलंही. पण शेवटच्या फेरीत गंमत झाली. कवळी आणि मामा एकमेकांना धडकून दलदलीत गेले, जावईबापू एका खड्ड्यात अडकले, आणि या सगळ्यांच्या बाजूने, इमानेइतबारे डाव्या कडेने, नापास पुढे निघून गेला. त्याची वर चढलेली भुवई जाता जाता अर्ध्या पडद्यावर दिसली.

बारा वर्षं कुठल्या कुठे गेली. जावईबापू पुन्हा कवळीच्या खोलीत होते, नाकात जळक्या ब्रेकचा वास होता, आणि त्यांच्या तोंडून त्या काळची आरोळी आपसूक बाहेर पडली.

"नापास पळतोय रे! धरा टकल्याला! घे म्हणावं आता रिव्हर्स!"

कवळीने खेळ थांबवायचं बटण दाबलं. त्या दुपारी त्याने केलेली ही एकमेव शहाणपणाची गोष्ट. पडद्यावर सगळं गोठलं. खोलीत त्याहून जास्त गोठलं होतं.

सासरेबुवांनी स्टिअरिंग मांडीवर ठेवलं.

"मी तुम्हाला एकदा विचारलं होतं," ते म्हणाले. "आपण कुठे भेटलोय का."

"हो."

"तुम्ही नाही म्हणालात."

"हो."

"तीन वेळा भेटलोय," सासरेबुवा म्हणाले. "आणि तिसऱ्या वेळी तो वास बाहेरून येत नव्हता."

जावईबापूंना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण ते तिसऱ्या मजल्यावर राहत होते, आणि जमीन दुभंगली असती तरी खालच्यांच्या दिवाणखान्यात पडले असते. शेवटी ते कसेबसे म्हणाले, "आपण इतकी वर्षं बोलला नाहीत."

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो. सिग्नल हिरवा झाला तरी तुम्ही लवकर हलत नाही, हे मला माहीत होतं." त्यांनी स्टिअरिंग पुन्हा उचललं. "चला. अर्धवट सोडायचं नाही. पुरी करा फेरी."

खेळ पुन्हा सुरू झाला. जावईबापू खड्ड्यातून निघाले, आणि त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. या माणसाने बारा वर्षं आपली लाज झाकली, आणि आपण त्याला यथेच्छ बडवत बसलो. ते भरधाव निघाले, पुलाच्या अलीकडे त्यांनी नापासला सहज गाठलं, ओलांडलं, आणि पलीकडे शेवटची रेघ दिसत असताना मनाशी ठरवलं. आज सासऱ्यांना जिंकू द्यायचं. हीच क्षमायाचना. त्यांनी पुलावर गाडी थांबवली आणि कडेला झाले.

मागून सासरेबुवा आले. संपूर्ण शर्यतीत त्यांनी न दाबलेलं बटण त्यांच्या अंगठ्याखाली होतं. ते त्यांनी दाबलं. नापासच्या गाडीतून धूर निघाला, ती तोफेच्या गोळ्यासारखी आली आणि तिने जावईबापूंना मागून असं उडवलं की ते कठडा तोडून नदीत पडले. नापासने रेघ ओलांडली. कागदाच्या फुलांचा पाऊस झाला.

सासरेबुवांनी दीर्घ श्वास सोडला. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या शेजारी ताठ बसलेल्या माणसाचा तो श्वास होता.

"पुलावर मधोमध का थांबलात?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला पुढे जाऊ द्यावं म्हणून."

"मान द्यायला पुलावर थांबत नाहीत. इंडिकेटरही दिला नाहीत." त्यांचा हात मांडीकडे गेला, पूर्वी तिथे पॅड असे. सगळे थांबले. जावईबापूंनी डोळे मिटून घेतले. आता ते दोन शब्द येणार होते.

"चहा आहे का अजून?" सासरेबुवा म्हणाले.

त्यांनी 'पुन्हा या' म्हटलं नव्हतं. यावर जावईबापूंनी पुढचे दोन दिवस काढले. रविवारी दुपारभर ते खाली मोटार धूत होते. आरसे पुसले, चाकांच्या खाचांतले खडे काडीने काढले. त्यांनी वर बघितलं तेव्हा सासरेबुवा गॅलरीत नव्हते, पण हरकत नाही. सेवा कोणी न बघता केली तरच खरी. (तरी त्यांनी बादली मुद्दाम दोनदा आपटली.)

सोमवारी बायको लवकर कामावर गेली. जावईबापूंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकून सासऱ्यांची बॅग खाली आणली. सासरेबुवांनी जायला टॅक्सी बोलावली होती. म्हणजे निळी मोटार इथेच राहणार होती.  टॅक्सीत बसण्याआधी सासरेबुवा वळले, त्यांनी खिशातून किल्ली काढली, जावयाचा हात हातात घेतला आणि किल्ली त्याच्या तळव्यावर ठेवली.

जावईबापूंनी किल्ली मुठीत धरली. "बाबा," ते म्हणाले, "मी हिला जपेन."

"ती जपेल," सासरेबुवा म्हणाले. "संध्याकाळी आली की द्या तिला. आणि तुम्ही शेजारी बसा, रस्ता सांगा."

संध्याकाळी बायको आली. किल्ली घेतली, खाली जाऊन एक चक्कर मारून आली, गाडी भिंतीला समांतर लावली. जावईबापू सोफ्यावर पडून होते. त्यांची समजूत काढावी म्हणून ती म्हणाली, "अरे, बाबा तुझ्यावर मुळीच रागावले नाहीत. काल तू खाली होतास तेव्हा दुपारभर माझ्याकडून तो खेळ शिकत बसले होते. मला म्हणाले, जावयांचा हात चांगला आहे चित्राला. त्यांनी पण एक बाहुला बनवलाय."

जावईबापूंना जरा बरं वाटलं. त्यांनी डब्याला चापट मारली. हिरवं मैदान आलं. कवळी आला, मामा आला, हात मागे बांधून नापास आला. त्याच्या चार पावलं मागून एक नवा बाहुला येत होता. डोळे घाबरलेले, तोंड अर्धवट उघडं, कान लांब, आणि दोन्ही हात उगाचच पुढे धरलेले.

जावईबापू पोट धरून हसले. फार दिवसांनी ते असे हसले. "अगं, बघ, बघ," ते म्हणाले, "तुझ्या बापाने साडूला काय रंगवलाय. तोच तो बावळट चेहरा. मी इतकी वर्षं म्हणतोय, हा माणूस किल्ली फिरवतो तेवढाच, बाकी काही नाही. पण कोणी ऐकेल तर. याला म्हणतात नजर."

बायकोने टीव्हीचा आवाज कमी केला.

"हुबेहूब आहे," जावईबापू डोळे पुसत म्हणाले. "ड्राफ्ट्समन म्हणून सांगतो."

"डोक्यावरचं नाव वाच," बायको म्हणाली.

जावईबापू पुढे सरकले. इंग्रजी अक्षरांत, नीट अंतर ठेवून, लिहिलं होतं: पुन्हा या.

पडद्यावर शर्यत आपोआप सुरू झाली. नापास गाडीत जाऊन बसला, आणि तो दुसरा प्रेक्षकांच्या रांगेत जाऊन टाळ्या वाजवायला लागला.